अधिकार कागदाचा असतो: शिकवणाऱ्यांचे प्रश्न

सोलापूरच्या वाचकांकडून आलेली या वेळची पत्रं एकाच विषयाभोवतीची आहेत: ख्रिस्ती विश्वास ठामपणे कसा शिकवायचा, आणि ठामपणा कुठे थांबवायचा. वचनांचे संदर्भ दिले आहेत. ते उघडून वाचावेत. आमच्या शब्दावर जाऊ नये.

प्रश्न : माझं शिक्षण दहावीपर्यंत. आठवडाभर विड्या वळते आणि रविवारी शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. वर्गात आता डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं आहेत. त्यांच्यापुढे उभी राहिले की आवाज बारीक होतो आणि प्रत्येक वाक्याला "असं मला वाटतं" हे शेपूट लागतं. पाळकसाहेब म्हणतात, "अधिकाराने शिकव." तो अधिकार आणायचा कुठून?
(शब्बाथ शाळा शिक्षिका, अक्कलकोट रोड)

उत्तर : ताई, अधिकार पदवीतून येत नाही आणि चढ्या आवाजातूनही येत नाही. मत्तय ७:२८-२९ पाहा. येशू शास्त्र्यांसारखा शिकवत नाही, म्हणून लोक थक्क झाले. शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे शिक्षक, विद्वान होते, पण त्यांचं शिकवणं "अमुक गुरूंनी असं म्हटलं, तमुक गुरूंनी तसं" या आधारांवर उभं असे. येशू स्वतःच्या अधिकाराने बोलला. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे एक्सूसिया, म्हणजे हक्क, मुखत्यारी. आणि तोच येशू योहान ७:१६ मध्ये सांगतो की माझी शिकवण माझी नाही, ज्याने मला पाठवलं त्याची आहे.

मग तुमच्या-आमच्याकडे असतो तो सोपवलेला अधिकार. कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याचं शिक्षण कुणी विचारत नाही. कागद खरा आहे ना, शिक्का कोर्टाचा आहे ना, एवढंच बघतात. पण त्याच बेलीफने कागदात स्वतःची एक ओळ घुसडली, तर तो स्वतःच गुन्हेगार ठरतो. शिक्षकाचं धैर्य आणि शिक्षकाची मर्यादा, दोन्ही त्या एकाच कागदातून येतात.

"मला वाटतं" हे शब्द वाईट नाहीत, फक्त ते चुकीच्या जागी पडतात. ते कुठे घालायचे हे पौलाकडून शिकावं. १ करिंथकर ७ मध्ये तो दहाव्या वचनात म्हणतो की ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची. बाराव्यात म्हणतो की हे प्रभू नव्हे, मी सांगतो. आणि पंचविसाव्यात स्पष्ट लिहितो की याविषयी प्रभूची आज्ञा माझ्याकडे नाही, मी माझं मत देतो. एवढा मोठा प्रेषित, पण प्रत्येक वाक्याचं वजन किती ते तो सांगून मोकळा होतो. तुम्हीही पाठाच्या वहीत समासात पेन्सिलने खूण करत जा. जे वचनात थेट आहे त्यापुढे "व". जे मंडळीने, म्हणजे चर्चने, वचनावरून मिळून कबूल केलं आहे त्यापुढे "मं"; त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, पण निकेयाच्या धर्मसभेत ३२५ साली मंडळीने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचं कबूल केलं ते शास्त्राच्याच आधारावर. आणि जो तुमचा अंदाज किंवा अनुभव आहे त्यापुढे "मी". "व" बोलताना "मला वाटतं" म्हणू नका. "मी" बोलताना म्हटल्याशिवाय राहू नका. एवढं काटेकोर पाळलंत तर मुलं चार-सहा आठवड्यांत तुमच्या "असं लिहिलं आहे" या शब्दांना मान देऊ लागतील, कारण ते तुम्ही उगाच वापरत नाही हे त्यांना कळलेलं असेल.

आता तयारी. शिकवताना घाबरायला होतं त्याचं कारण बहुतेक वेळा स्वभावात नसतं. शनिवारी रात्री नऊला उघडलेल्या पुस्तकात असतं. मार्क २:१-१२, चौघांनी छपरातून येशूपुढे उतरवलेल्या पक्षाघाती मनुष्याचा पाठ, घेऊन बघू.

सोमवारी तो भाग तीनदा मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नाही. वाचताना मागे १:४० पासून आणि पुढे २:१७ पर्यंत जा, म्हणजे गोष्ट कुठे बसते ते दिसेल. मंगळवार-बुधवार विड्या वळता वळता स्वतःला विचारत राहा: कोण बोललं, कुणाला बोललं, त्यानंतर काय घडलं? गुरुवारी दुसरं भाषांतर शेजारी ठेवून वाचा आणि लूक ५:१७-२६ ही तीच घटना पाहा. मार्क छप्पर उकरल्याचं सांगतो, लूक कौलांचा उल्लेख करतो. तिकडच्या साध्या घरांचं छप्पर म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि वर दाबलेला मातीचा थर. आपल्या जिल्ह्यातलं माळवद ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून जिना, वर सपाट माती, आणि ती उकरली की खालच्या माणसांच्या डोक्यावर धूळ. मुलांपुढे हे एवढं चित्र उभं करा, पण दोन मिनिटांत. माळवदावर रमायचं नाही.

शुक्रवारी पाठाचं एक वाक्य लिहा, जास्तीत जास्त पंधरा शब्दांचं. इथे बहुतेक शिक्षक घसरतात आणि लिहितात, "त्या चौघांसारखे मित्र बना." चांगला बोध आहे, पण मार्कने ही घटना त्यासाठी सांगितलेली नाही. दहावं वचन पाहा: मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला कळावं म्हणून. तोच शब्द, एक्सूसिया. तेव्हा वाक्य असं होतं: "पापांची क्षमा करण्याचा अधिकार येशूला आहे, आणि तो त्याने सर्वांसमोर दाखवला." त्या चौघांचा विश्वास या वाक्याच्या आत येतो, वाक्याच्या जागी नाही.

शनिवारी घड्याळ समोर ठेवून उभं राहून एकदा बोलून बघा. चाळीस मिनिटांच्या वर्गात पाच मिनिटं मागची उजळणी, पाच मिनिटं वाचन (मुलांकडून, आळीपाळीने), पंधरा मिनिटं तुमचं सांगणं, दहा मिनिटं त्यांचे प्रश्न आणि शेवटची पाच प्रार्थनेला. सांगणं पंधराचं पंचवीस होऊ लागलं तर मुद्दा काढून टाका, बोलण्याचा वेग वाढवू नका. टिपण पोस्टकार्डाच्या एका बाजूला मावेल एवढंच हातात असू द्या. त्याहून मोठं झालं की नजर कागदावर राहते आणि मुलांवरून उठते.

शिक्षणाचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये १८ वाचा. अपुल्लो हा आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात पारंगत. त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने. तिसऱ्या वचनात त्यांचा धंदा दिला आहे: तंबू तयार करण्याचा. हातावर पोट असलेली माणसं. आणि त्यांनी त्याला भर सभेत दुरुस्त केलं नाही, बाजूला घेऊन समजावलं. हाताला काम आणि तोंडात वचन, हे मंडळीत पहिल्यापासून चालत आलेलं आहे, ताई.

प्रश्न : तरुण संघात मी अभ्यास घेतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हटल्याने आपली किंमत कमी होत नाही का? आमचे काही जण अशा वेळी ग्रीक, हिब्रू अर्थ सांगून वेळ मारून नेतात.
(जुळे सोलापूर)

उत्तर : किंमत जाते ती वेळ मारून नेल्याने. आज मुलाच्या खिशात फोन असतो. तुमचं वाक्य संपायच्या आत तो तपासून मोकळा होतो.

ठाम आवाजात सांगितल्या जाणाऱ्या एका चुकीचा नमुना बघा. मत्तय १९:२४ मध्ये उंट सुईच्या नाकातून जाण्याचं बोलणं आहे. त्यावर सर्रास सांगतात की जेरुसलेमला "सुईचं नाक" नावाचं ठेंगणं दार होतं, उंटाचं ओझं उतरवून, त्याला गुडघ्यावर बसवून ते त्यातून नेत. असं दार येशूच्या काळी असल्याचा काहीही पुरावा नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या लेखनातून चालत आली. बिघाड नुसता माहितीचा नाही, अर्थाचाही आहे. दार मानलं की अशक्य गोष्ट फक्त अवघड होते. पुढच्याच वचनात शिष्य हबकून विचारतात, मग कोणाचं तारण होईल? आणि येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य. दाराने हे उत्तरच खाऊन टाकलं.

असंच, आत गेलेला महायाजक तिथेच मेला तर ओढून काढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधत असत हे. लेवीय १६ मध्ये नाही, निर्गम २८ मध्येही नाही. एदेनातलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्ति ३ म्हणत नाही. बाळ येशूला पाहायला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तीन होते असं मत्तय २ म्हणत नाही. तीन होत्या त्या भेटवस्तू. ग्रीक-हिब्रूच्या बाबतीत नियम सोपा ठेवा. जो शब्द तुम्ही स्वतः विश्वासू कोशात किंवा भाष्यात पाहिला असेल तोच सांगा, आणि मराठी भाषांतर वाचून जो अर्थ कळतो त्याच्या नेमका उलटा अर्थ कुणी "मुळात असा आहे" म्हणून सांगू लागला तर थांबा.

उत्तर येत नसेल तेव्हा म्हणायचं असं: "प्रश्न चांगला आहे. मला नक्की माहीत नाही. पुढच्या रविवारी सांगतो." मग प्रश्न त्याच्यासमोर वहीत लिहून घ्यायचा, विचारणाऱ्याचं नाव आणि तारखेसह. आठवड्यात पाळकांना विचारायचं, संदर्भ शोधायचा, आणि पुढच्या रविवारी वर्गाची सुरुवात त्याच प्रश्नाने करायची. चुकतं ते इथे: वही उघडलीच जात नाही. दोन वेळा असं झालं की मुलं विचारणं सोडतात, आणि मग वर्ग शांत झाला म्हणून शिक्षकाला बरं वाटू लागतं. ती शांतता चांगली नव्हे. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून बघत, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना त्याबद्दल थोर म्हणते.

प्रश्न : आमच्या घरगुती प्रार्थना सभेत बाहेरून एक वक्ते आले. "प्रभूने मला दाखवलं आहे" म्हणत त्यांनी माझ्या सासूबाईंना शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन बंद करायला सांगितलं. घेतलं तर तो अविश्वास, म्हणाले. सासूबाई द्विधा झाल्या आहेत. देवाच्या सेवकाला उलट कसं बोलायचं?
(गृहिणी, विजापूर रोड)

उत्तर : औषध आज, या घटकेला चालू ठेवा. पुढचं नंतर वाचा. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाने ते अचानक थांबवलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकतं. एखादा डोस चुकला असेल तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने दुप्पट घेऊ नका. क्षयाचा, फिट्सचा, रक्तदाबाचा कुणी रुग्ण घरात असेल तर त्यालाही हेच लागू. क्षयाचा साधारण सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट टाकला तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आता वचन. आजारी हिज्कीया राजाला बरं करीन असं देवाने स्वतः सांगितलं, आणि लगेच २ राजे २०:७ मध्ये यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन मिळालेलं होतं, तरी लेप लावला. पौलाबरोबर लूक होता, कलस्सै ४:१४ त्याला प्रिय वैद्य म्हणतं. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यावं हे पौल १ तीमथ्य ५:२३ मध्ये लिहितो. त्रफिम या सोबत्याला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला, २ तीमथ्य ४:२०. ज्याच्या हातून रोगी बरे झाले त्या पौलाने यांपैकी कुणाला "तुझा विश्वास कमी" म्हटलं नाही. सासूबाईंना ही चार वचनं तुम्ही स्वतः वाचून दाखवा. वादापेक्षा त्याने मन लवकर हलकं होईल.

आणि उलट बोलण्याचं म्हणाल तर पारख करणं ही मंडळीला दिलेली आज्ञाच आहे. १ थेस्सलनीकाकर ५:२०-२१ म्हणतं, संदेश तुच्छ मानू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा. १ करिंथकर १४:२९ मध्ये संदेश देणारे दोघे-तिघे आणि निर्णय करणारे बाकीचे. "प्रभूने मला सांगितलं" म्हणणारा माणूस तपासणीतून सुटत नाही. उलट त्या शब्दांनी तो स्वतःहून तपासणीपुढे उभा राहतो. शांतपणे म्हणा: "भाऊ, आपण प्रार्थना करा, आम्ही आमेन म्हणू. औषधाचं मात्र डॉक्टर ठरवतील." आणि ही गोष्ट पाळकांच्या आणि वडील मंडळाच्या कानावर घाला, कारण उद्या ते दुसऱ्या घरी जातील.

प्रश्न : आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, दोघं-तिघं कन्नड. शास्त्रातली मराठी त्यांना जड जाते, आणि खरं सांगायचं तर मराठी मुलांनाही जातेच. सोपं करायला गेलं तर आशय पातळ होतो. काय करावं?
(पूर्व भागातील शिक्षक)

उत्तर : हा प्रश्न आम्हांला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटला. जो शब्द मुलाच्या कानावरून गेला तो तुम्ही शिकवलाच नाही, मग तो कितीही ठामपणे म्हटलेला असो. नहेम्या ८:८ मध्ये लेव्यांनी नियमशास्त्र स्पष्ट वाचलं आणि अर्थ सांगितला, म्हणजे लोकांना कळलं. वाचन, अर्थ, कळणं: तिन्ही पायऱ्या हव्यात.

सगळे शब्द सोपे करायची गरज नाही. जो शब्द आजच्या मराठीत भलताच अर्थ घेऊन बसला आहे तो आधी पकडा. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र आपला जीव "खंडणी" म्हणून द्यायला आला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला खंडणी म्हणजे व्यापाऱ्याला धमकावून उकळलेले पैसे. तो मनात म्हणतो, मग गुंड कोण? मूळ शब्द लुत्रोन, म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेलं मोल. तेव्हा वाचताना शब्द तसाच वाचा, मग म्हणा, "इथे खंडणी म्हणजे सोडवणुकीची किंमत. धमकावून घेतलेली नाही, प्रेमाने भरलेली." अर्ध्या मिनिटाचं काम, आणि आशय पातळ न होता घट्ट झाला.

"पश्चात्ताप" या शब्दाचंही तसंच. आपल्या कानाला तो नंतरचा ताप, हळहळ असा ऐकू येतो. मूळ ग्रीक मेटानोइआ म्हणजे मन पालटणं. रडून पुन्हा त्याच वाटेने जाणारा माणूस हळहळला, पालटला नाही. वर्गात एका मुलाला दाराकडे चालायला लावा, "वळ" म्हणा आणि उलट दिशेने चालू द्या. कोणत्याही भाषेच्या मुलाला ते समजतं. "कैवारी" (योहान १४:१६) मुलांना परका वाटतो, पण भांडणात आपला कैवार घेणारा म्हटलं की डोळे चमकतात. "जकातदार" सांगताना मात्र एवढंच पुरेसं नाही की कर घेणारा. परक्या रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून घेणारा आणि वर स्वतःचं काढणारा, हे सांगितल्याशिवाय येशूने जक्कय या जकातदाराच्या घरी उतरायला जाण्यातला धक्का कळत नाही.

तेलुगू मुलांसाठी: पाठाचं एक वाक्य त्यांच्यातल्याच एकाकडून तेलुगूत वदवून घ्या, मग दुसऱ्याला विचारा, "हा काय म्हणाला?" त्याने परत मराठीत सांगितलं की भाषांतरात काय गळलं ते लगेच उघडं पडतं. बायबल सोसायटीची तेलुगू आणि कन्नड प्रत वर्गाच्या कपाटात एकेक ठेवा. प्रार्थना मुलाला त्याच्या आईच्या भाषेत करू द्या. तो मराठीत चांगली प्रार्थना करतो म्हणून त्याचं कौतुक करू नका, नाहीतर तो देवाशी परीक्षेच्या भाषेत बोलायला शिकेल.

विश्वास लोकांच्या भाषेत उतरवणं ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तकथा मराठी ओवीत छापून आणली. ना. वा. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत आणलं. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक मुळावरून पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. ही माणसं आशय पातळ करणारी नव्हती. एखादा अभंग पाठाआधी टाळावर म्हणून बघा. मुलं जे गातात ते लक्षात ठेवतात.

प्रश्न : जानेवारीत शाळेतली सगळी मुलं गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, जातात. आमचा मुलगा विचारतो, आपण जायचं का, प्रसाद दिला तर घ्यायचा का? शब्बाथ शाळेत एका शिक्षकाने इतर धर्मांविषयी वाईट शब्द वापरले, ते मुलाने शेजारी जाऊन सांगितले. शेजारची दोन मुलंही कधीकधी आमच्या वर्गाला येऊन बसतात.
(पालक, सात रस्ता)

उत्तर : शिक्षकाचं चुकलं, आणि ते त्यांना पाळकांमार्फत सांगायला हवं. इफिसात दंगल उसळली तेव्हा शहराच्या चिटणीसाने जमावाला काय सांगितलं ते प्रेषितांची कृत्ये १९:३७ मध्ये आहे: ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. पौलाने तिथे जवळजवळ तीन वर्षं ठामपणे ख्रिस्त सांगितला होता, तरी शहराचा अधिकारी ही ग्वाही देऊ शकला. आपल्या शेजाऱ्यांना आपल्या शिक्षकांविषयी असंच म्हणता आलं पाहिजे. ज्याला स्वतःचा विश्वास नीट मांडता येतो त्याला दुसऱ्याचा खाली पाडावा लागत नाही.

होम मैदानावरचे पाळणे, खेळण्यांची दुकानं ही जत्रा आहे. सिद्धेश्वरांची पूजा आणि नंदीध्वजांची मिरवणूक ही भक्ती आहे. पाळण्यात बसायला हरकत दिसत नाही. भक्तीच्या ठिकाणी आदराने वागायचं, पण आपली उपासना आपल्या प्रभूची. प्रसादाविषयी १ करिंथकर ८ आणि १०:२३-३३ मुलासोबत बसून वाचा. पौल तिथे मूर्तीच्या पंगतीत भाग घेणं आणि कुणाच्या घरी वाढलेलं खाणं यांत फरक करतो, आणि दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करायला लावतो. अनेक मंडळ्यांमध्ये प्रसाद न घेण्याची रीत आहे, म्हणून मुलाला दोन शब्द शिकवा: "काकू, आमच्यात घेत नाहीत, पण तिळगूळ द्या की!" हात झटकायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

शेजारच्या मुलांचं: त्यांच्या आई-वडिलांची लेखी संमती घ्या, तारीख आणि सहीसह, आणि वर्गात काय शिकवतो तेही त्यात लिहा. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतो; त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं आहे. खाऊ, वह्या, दप्तरं यांचं आमिष तर स्वप्नातही नको. आई-वडिलांना न सांगता शिकवलेला पाठ "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" या आज्ञेलाच छेद देतो.

प्रश्न : आवाज मोठा नसेल तर वर्गावर छाप पडत नाही. माइक घ्यावा का?
(मे महिन्यातील सुट्टीच्या बायबल शाळेचे स्वयंसेवक)

उत्तर : पंचवीस-तीस मुलांना माइक नको. पत्र्याच्या शेडमध्ये माइक लावला की आवाज पत्र्यावर आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. अर्धवर्तुळात बसवा, शेवटचा मुलगा तुमच्यापासून पाच-सहा पावलांवर असू द्या, पंख्याची घरघर असेल तर भिंतीला पाठ करून उभे राहा. वाक्य संपलं की थांबा. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन पाहता वर्ग सकाळी साडेसातला सुरू करून दहाच्या आत संपवा. अकरानंतर लहान मुलं ऐकत नाहीत, फक्त पाणी मागतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

प्रश्न : स्त्रीने मंडळीत शिकवावं का? १ तीमथ्य २:१२ (स्त्रीला शिकवू देत नाही, असं पौल लिहितो) दाखवून मला बायबल अभ्यास थांबवायला सांगितलं.
(महिला मंडळ सदस्य)

उत्तर : हा मंडळीने ठरवायचा प्रश्न आहे, आणि मंडळ्या एकाच वचनावरून वेगळ्या निर्णयाला आल्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते, रोमन कॅथलिक मंडळी देत नाही. आमचं मत ("मी") असं की प्रिस्किल्ला आणि रोमकर १६ मधली मंडळीची सेविका फीबी बाजूला ठेवून ते वचन वाचता येत नाही. पण तुमचा अभ्यास चालू राहावा की नाही हे एका सभासदाने ठरवायचं नाही. वडील मंडळाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : वडील गेल्यापासून माझी प्रार्थना कोरडी झाली आहे. पुनरुत्थानाचा पाठ शिकवताना मनात येतं, मला तरी हे खरं वाटतं का? अशा माणसाने वर्ग सोडून द्यावा का?
(नाव न छापण्याच्या विनंतीसह)

उत्तर : सोडू नका, पण एकट्याने ओढतही राहू नका.

मत्तय २८ चा शेवट पुन्हा वाचा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर गेले, पुनरुत्थित प्रभूला पाहून त्यांनी नमन केलं, आणि सतराव्या वचनात लिहिलं आहे: पण काहींना संशय वाटला. प्रत्यक्ष समोर उभा असताना. आणि अठराव्या वचनात प्रभू म्हणतो, स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिलेला आहे. म्हणून तुम्ही जा, शिष्य करा, शिकवा. त्याने आधी संशय असलेल्यांना वेगळं काढलं नाही. त्यांच्याकडे अधिकार उरला होता का, हा प्रश्नच आला नाही, कारण अधिकार त्याचा होता.

तुमच्यात आणि जो विश्वास सोडून बसला आहे त्याच्यात फरक आहे. तुम्ही अजून विचारता आहात, आणि ते ज्याला विचारायचं त्यालाच. स्तोत्र ८८ सुरुवातीपासून हाका मारतं आणि शेवटी अंधारातच थांबतं. तरी ते उपासनेच्या ग्रंथात ठेवलेलं आहे. मार्क ९:२४ मधल्या बापाने विश्वास आणि अविश्वास एकाच दमात सांगितले, आणि त्याचा मुलगा बरा झाला.

आता करायचं काय? पाळकांना किंवा विश्वासातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला हे याच आठवड्यात सांगा, तोंडी, समोर बसून. पुढचे दोन महिने जोडीदार शिक्षक मागून घ्या. एका रविवारी तुम्ही, एका रविवारी ते. तुमच्या वाट्याला पुनरुत्थान आलं तर १ करिंथकर १५:३-८ उघडा. पौल तिथे स्वतःची भावना सांगत नाही. जे त्याला मिळालं ते पुढे देतो आणि साक्षीदार मोजतो: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब. तेही मोजून दाखवणं पुरे. मुलांपुढे शंका ओतायची नाही आणि नसलेला आनंदही दाखवायचा नाही. कुणी सरळ विचारलंच, "सर, तुम्हांला कधी शंका येते का?" तर "येते, तेव्हा मी स्तोत्र ८८ वाचतो" एवढं म्हणा आणि त्याच्यासोबत ते वाचा. रात्री झोपताना शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हणा, सावकाश, ओठांनी. ती तुम्ही रचलेली नाही, आणि तुमच्या मनाच्या ओलाव्यावर ती टिकून नाही.